अंगठ्या मोजून क्वार्टरबॅक ठरवायचा?
अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक (पास टाकून टीमचा हल्ला चालवणारा खेळाडू) डॅन मरीनो याला काही जण अपयशी म्हणतात आणि ट्रेंट डिल्फरच्याही खाली ठेवतात, का तर सुपर बोल, म्हणजे तिथली फायनल, जिंकला नाही आणि विजेत्यांना मिळणारी अंगठी त्याच्याकडे नाही, हे मला अजिबात पटलं नाही. अहो १९८४ च्या सीझनला त्या माणसाने ५०८४ यार्डांचे पास टाकलेत आणि त्यातले ४८ टचडाउनचे, म्हणजे थेट पॉइंट मिळवून देणारे, तेही जेव्हा डिफेन्सवाले आजच्यापेक्षा कितीतरी जास्त धक्काबुक्की करायचे तेव्हा. क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फरकडे अंगठी आहे, मान्य, पण २००० च्या सीझनला त्याच्या टीमच्या, रेव्हन्सच्या, डिफेन्सने १६ मॅचमध्ये फक्त १६५ पॉइंट दिले आणि जिंकल्यावर टीमने डिल्फरलाच सोडून दिलं, म्हणजे ट्रॉफी कोणी आणली हे त्यांनाही माहीत होतं. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या ७ अंगठ्यांना मी कमी लेखत नाहीये हां, तो खरंच शेवटच्या दोन मिनिटांत मॅच ओढून आणायचा. पण मरीनो डिल्फरच्या खाली? नाही, कधीच नाही.