अथेन्समधली करणी

सकाळी एक माणूस घराबाहेर पडतो. हातांवर पाणी शिंपडून घेतलंय, तोंडात लॉरेलचं पान धरलंय. वाटेत मुंगसासारखं एक जनावर आडवं जातं. झालं! दुसरं कुणी तिथून पुढे जाईपर्यंत, नाहीतर स्वतः रस्त्यापलीकडे तीन दगड फेकेपर्यंत हा जागचा हलणार नाही. (आपल्याकडे मुंगूस दिसणं शुभ. पण तिकडचं ते जनावर वेगळं, त्यामुळे वाद नको.) फेफरं येणारा माणूस दिसला की हा स्वतःच्या छातीवर थुंकणार.

हा माणूस आपल्या गावातला नाही. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने अथेन्समधल्या अंधश्रद्धाळू माणसाचं हे चित्र इ.स.पू. चौथ्या शतकात रेखाटलं. अर्थात टर उडवायलाच. पण टर उडवावी इतके लोक तसे होते, हेही त्यातून कळतंच की.

ग्रीस म्हणजे तर्क, भूमिती आणि लोकशाही, एवढंच आपण शिकतो. मग केरामैकोसबद्दल वाचलं की गंमत वाटते. केरामैकोस म्हणजे अथेन्सचा कुंभारवाडा, आणि तिथेच शहराचं मोठं दफनस्थान. तिथल्या थडग्यांत आणि विहिरीत शिशाचे पातळ पत्रे सापडतात. त्यावर शत्रूचं नाव कोरायचं, पत्रा गुंडाळायचा, खिळा ठोकायचा आणि अकाली गेलेल्या कुणाच्या तरी थडग्यात सरकवून द्यायचा. इच्छा अपुऱ्या राहिलेला तो मृतात्मा निरोप पाताळातल्या देवांपर्यंत पोचवणार. याला ते ‘कातादेस्मोस’ म्हणत, म्हणजे बांधून टाकणं. आपण सरळ करणी म्हणू.

कुणाला बांधायचं? बहुतेकदा कोर्टातल्या प्रतिपक्षाला. अथेन्सच्या कोर्टात वकील उभा करायची पद्धत नव्हती, आपली बाजू आपणच मांडायची. समोर चिठ्ठ्या टाकून निवडलेले शेकडो नागरिक, बोलायला पाणघड्याळाने मोजलेला वेळ, निकाल त्याच दिवशी आणि वर अपील नाही. अशा वेळी ‘त्याची जीभ बांध’ असं कोरणारा माणूस मला अडाणी वाटत नाही. घाबरलेला वाटतो. केरामैकोसलाच शिशाच्या छोट्या पेटीत शिशाची बाहुली मिळाली, हात पाठीमागे बांधलेली. तिच्यावर नाव कोरलंय, म्नेसिमाखोस.

धंद्यातली जळफळही तशीच. अथेन्सचं बंदर पिरेयस, त्याच्याजवळच्या एका थडग्यात शिशाचे पाच पत्रे सापडले. त्यांत दारूचे गुत्ते चालवणाऱ्या जोडप्यांची नावं आहेत. फानागोरा आणि देमेत्रिओस यांचा तर गुत्ता, मालमत्ता सगळंच शापलंय. लिहिणारा शेजारचा गुत्तेवाला असावा, असा माझा आपला अंदाज.

सगळ्यात जिव्हारी लागतो तो मात्र मॅसेडोनियातल्या पेल्ला इथला पत्रा. 1986 साली तो एका थडग्यात मिळाला. लिहिणारी बाई. तिचा डायोनिसोफॉन थेटिमा नावाच्या दुसरीशी लग्न करतोय. हे लग्न मी बांधून टाकते, म्हणते. मी हा पत्रा उकरून, उलगडून परत वाचेन तेव्हाच ते सुटेल, तोवर नाही. त्याने म्हातारं व्हावं ते माझ्यासोबतच. आणि मग पाताळातल्या दैवतांना विनवण्या: माझी दया करा, मला जिवाभावाचं कुणी नाही, मी एकटी आहे. थेटिमाचं वाटोळं होवो, हेही त्यातच. संशोधकांना या पत्र्यावरून मॅसेडोनियाची बोली कळते. मला ती बाई दिसते.

शिकलेल्यांचं काय? तत्त्वज्ञ प्लेटो ‘लॉज’ (म्हणजे ‘कायदे’) या ग्रंथात म्हणतो की दारात, तिठ्यावर किंवा आईबापाच्या थडग्यावर मेणाच्या बाहुल्या दिसल्या की ‘दुर्लक्ष करा’ म्हणून लोकांना समजावणं सोपं नसतं. मग शिक्षा सुचवतो: करणी करणारा मांत्रिक असेल तर मृत्युदंड, साधा माणूस असेल तर कोर्ट ठरवील. अथेन्सचा मोठा पुढारी पेरिक्लिस आजारी पडला तेव्हा बायकांनी त्याच्या गळ्यात ताईत बांधला. भेटायला आलेल्या मित्राला तो दाखवून, असला मूर्खपणाही सोसतोय म्हणजे बघ माझी काय गत झालीय, असं त्याने सुचवलं, असं चरित्रकार प्लुटार्क लिहितो. पण ताईत काढून फेकला, असं काही लिहीत नाही.

आता माझं खरं म्हणणं. ‘सगळेच करत होते’ म्हणून हे गोड मानायला मी तयार नाही. कारण जे सगळेच करत होते, त्यापायी जीव मात्र लेम्नोसच्या थिओरिसचा गेला. ती बाई, त्यातून अथेन्सबाहेरच्या बेटावरची. औषधं आणि मंत्रांपायी अथेन्सने तिला आणि तिच्या सगळ्या कुटुंबाला ठार मारलं, असं प्रसिद्ध वक्ता डेमोस्थेनिस याच्या नावावर असलेल्या एका भाषणात येतं. तिच्याविरुद्ध माहिती दिली ती तिच्याच दासीने. आणि हा सगळा उल्लेख तिच्यासाठी नाहीच. भाषण ॲरिस्टोगायटन नावाच्या राजकारण्याविरुद्ध आहे. त्याच्या भावाने तीच औषधं आणि तेच मंत्र त्या दासीकडून मिळवले, असं सांगून त्या घराची अब्रू काढायची होती, म्हणून थिओरिसचं नाव निघालं.