‘दाबून खाऊ घाला’ म्हणणाऱ्यांनो, थोडं थांबा

काल काकूंनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला. ‘पोरगी जेवत नसेल तर तो आजार नाही, माज आहे. मोबाईल पाहून शहरातल्या हाडकुळ्या पोरींनी काढलेलं फॅड. दोन दिवस समोर बसवून तूप-पोळी दाबून खाऊ घाला, लाईनीवर येते.’ खाली सात जणांचे अंगठे. आपल्याच घरातली एक पोट्टी वर्षभरापासून हाच खाण्याचा मानसिक आजार (इंग्रजीत ईटिंग डिसऑर्डर) भोगून राहिली, म्हणून लिहून राहिले.

फॅड म्हणे! इंग्लंडात रिचर्ड मॉर्टन नावाच्या डॉक्टरनं १६८९ मध्ये असे पेशंट लिहून ठेवले, त्यात १६ वर्षांचा एक पोरगाही होता. अन् हाडकुळ्यांनाच होते हेही खोटं. याच आजाराच्या दुसऱ्या प्रकारात भराभर खाऊन चोरून उलटी काढणारी बाई दिसायला चांगली धडधाकट असू शकते, पण आत रक्तातलं पोटॅशियम उतरून हृदयाचे ठोके बिघडतात.

‘माज’ हा शब्द मात्र जिव्हारी लागला. अमेरिकेत मिनेसोटात १९४४-४५ ला ३६ तब्येतीच्या तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. मनानं चांगले ठणठणीत निवडलेले होते ते, तरी वजन उतरलं तसे चिडचिडे झाले, उदास झाले, दिवसभर डोक्यात जेवणच, स्वयंपाकाची पुस्तकं वाचत बसायचे. म्हणजे उपासमारच डोकं असं करते. आमची पोट्टीही सगळ्यांसाठी हौसेनं झुणका करते अन् स्वतः अर्ध्या पोळीचे वीस तुकडे करून ताटाखाली सारते. एप्रिलात पारा ४४ वर अन् ही स्वेटर घालून. सोमवार, गुरुवार, शनिवार उपास धरायची तेव्हा आपणच म्हणायचो, किती देवभोळी आहे.

आता ते दाबून खाऊ घालणं. जेवण हेच औषध, इतकं अर्धं खरं आहे, मानते, डॉक्टरही आईबापाला पोरीसोबत जेवायला बसायला सांगतात. पण लय दिवस उपाशी शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट झपकन खाली येते, हृदय बंद पडू शकते, याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून खूप वाळलेल्या पेशंटला डॉक्टर रक्त तपासत हळूहळू वाढवतात. तुम्ही म्हणता दोन दिवसांत कोंबा! पोरगी हातची जाईल काकू.

कोणाच्या घरी असं असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, अन् १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला, फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

अन् काकू, तो मेसेज आत्ताच्या आत्ता सगळ्यांसाठी डिलीट करा. ती पोट्टीही याच ग्रुपात आहे, तिनं तो वाचला, अन् रात्री जेवलीच नाही.