बाई म्हणतात

लहान मुलांचे खेळ घेणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी पहिलीतल्या एका मुलाला फक्त ‘आऊट’ करून दाखवावं. बाकी काही नको. ‘बाळा, तू आऊट, जा भिंतीपाशी उभा राहा’ एवढं म्हणायचं आणि बाळ भिंतीपर्यंत पोचायची वाट बघायची. वाट बघताना स्वतःचा डबा जवळ ठेवावा, मधली सुट्टी त्यातच जाते.

मी ठाण्यात एका मराठी शाळेत पहिलीला शिकवते. शाळा जुन्या वस्तीतली. पटांगण आहे, म्हणजे कागदावर आहे. प्रत्यक्षात अर्ध्या भागात स्कूटर असतात आणि उरलेल्या अर्ध्यात जून ते सप्टेंबर पाणी. त्यामुळे खेळ वर्गातच. वर्ग पहिल्या मजल्यावर, डोक्यावर आठवी ब, पायाखाली मोठ्या बाईंचं ऑफिस. पट 42. शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक म्हणतो. उरलेल्या 12 मुलांची शिक्षिकाही मीच.

खेळांचं हे प्रकरण प्रशिक्षणातून आलं. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांचा एक सलग पायाभूत स्तर केला आणि या मुलांनी खेळातून, कृतीतून शिकावं असं सांगितलं. मला ते मनापासून पटतं. आम्हा ठाणेकरांना तर त्यात नवीन काही वाटायलाच नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तेव्हा तो सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर वेगळा झाला 2014 मध्ये. ताराबाईंच्या कुरणशाळेत मुलं गुरं चारायची आणि शाळाच त्यांच्या मागे रानात जायची. हे ऐकलं की सगळ्यांना गहिवरून येतं. मला मात्र वेगळंच सुचतं: कुरणात आऊट झालेल्या मुलाला उभं करायला भिंत नसते. केवढी सोय!

प्रशिक्षणात सुलभक मॅडमनी आमच्याकडूनच सगळे खेळ खेळून घेतले. पन्नाशीच्या शिक्षिका, कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, पण सगळं कसं झकास चाललं. आऊट झालेल्यांनी मागच्या टेबलापाशी जायचं होतं आणि तिथे चहा आणि बिस्किटं होती. आम्ही धडाधड आऊट झालो. सुलभक मॅडमनी ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ अशी नोंद केली.

वर्गात सुरुवात ‘चिमणी उडाली भुर्र’ने केली. प्रत्येकाने बाकावर एक बोट टेकवायचं. चिमणी उडाली भुर्र, बोटं वर. म्हैस उडाली भुर्र, बोटं तिथेच. ज्याचं बोट म्हशीबरोबर उडालं तो आऊट. चिमणी, पोपट, टेबल, विमान, सगळं नीट उडालं किंवा नीट बसून राहिलं. मग मी म्हटलं, ‘कोंबडी उडाली भुर्र!’

अर्धी बोटं वर, अर्धी खाली.

‘कोंबडी उडत नाही. बोट वर केलेले सगळे आऊट,’ मी म्हटलं.

‘उडते, बाई,’ विहान उभा राहिला. ‘माझ्या काकांचं कळव्याला चिकन सेंटर आहे. एक कोंबडी हातातून सुटली आणि उडून शटरवर बसली. काका स्टुलावर चढले तरी येईना.’

आता या साक्षीदाराची उलटतपासणी कोण घेणार? मी अर्धवट निकाल बदलायच्या बेतात होते, तेवढ्यात पहिल्या बाकावरची स्वरा म्हणाली, ‘पण बाई, ती भुर्र नाही उडाली. ती फडफड उडाली. तुम्ही भुर्र म्हणालात.’

यावर वर्गात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, उडाली म्हणजे उडाली. दुसऱ्याचं, भुर्र म्हणजे भुर्र. बोट वर गेलेल्यांपैकी रुद्र म्हणाला की त्याचं बोट वर गेलंच नव्हतं, बाक खाली गेला होता. आमचे बाक बघता हे अगदीच अशक्य नाही. शौर्य नावाचा एक गृहस्थ तर काही बोललाच नाही. त्याने दोन्ही हातांच्या तर्जन्यांनी हवेत एक मोठा चौकोन काढला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. थर्ड अंपायर मागत होता. वय वर्षं सहा.

कसेबसे काही जण भिंतीपाशी पोचले आणि तिथे खरी अडचण कळली. आऊट होतात कोण? ज्यांचं लक्ष नाही, जे अजून झोपेत आहेत, ज्यांना सूचना उशिरा समजतात. म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, तीच मुलं पहिल्या पाच मिनिटांत रिकामी. आणि शेवटपर्यंत खेळत राहतात त्या चार हुशार पोरी, ज्या मी वर्गात नसते तरी शिकल्याच असत्या. भिंतीपाशी तीसएक मोकळी मुलं जमली की ती काही प्रार्थना म्हणत नाहीत. त्यांनी भिंतीचे पोपडे काढायचा स्वतंत्र खेळ सुरू केला. सगळ्यात मोठा पोपडा ज्याचा, तो जिंकला. त्यात कुणीच आऊट होत नव्हतं. लवकरच खेळातली मुलं मुद्दाम म्हशीबरोबर बोट उडवून आनंदाने भिंतीकडे पळायला लागली.

मग मी शक्कल लढवली की आऊट होईल त्याने पंच व्हायचं. चूक दिसली की सांगायची. कल्पना चांगली आहे, मी अजूनही म्हणते. फक्त अमलात आणली की चार खेळाडू आणि 38 पंच उरतात, आणि त्या 38 जणांना एकाच वेळी चूक दिसते. खालून मोठ्या बाईंनी छताला काठी ठोकली.

‘तळ्यात मळ्यात’ त्या मानाने शांत. खडूची एक रेघ, इकडे तळं, तिकडे मळा, मी म्हणेन तिकडे उडी. पण हे तलावांचं शहर! ‘तळ्यात’ म्हटल्याबरोबर ‘बाई, मासुंदा का उपवन?’ असा प्रश्न आला. ‘कुठलंही’ म्हटलं तर एकजण रेघेवरच थबकला. ‘तलावपाळीला उडी मारली तर पोलीस पकडतात,’ तो म्हणाला. त्याला मी आऊट केलं नाही. जबाबदार नागरिक होता.

माझी सगळी भिस्त होती ती ‘शिवाजी म्हणतो’वर. लहानपणी आम्ही चाळीत हाच खेळायचो. पुढे ‘शिवाजी म्हणतो’ लावलं तरच कृती करायची, नुसतंच ‘हात वर’ म्हटलं तर ढिम्म हलायचं नाही. मी जोरात म्हटलं, ‘शिवाजी म्हणतो, हात वर!’

एकही हात वर गेला नाही. वर्ग माझ्याकडे नापसंतीने बघत होता.

‘बाई,’ स्वरा म्हणाली, ‘नुसतं शिवाजी नाही म्हणायचं. छत्रपती शिवाजी महाराज म्हणायचं.’

बरोबर होतं तिचं. आमच्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण बरोबर होतं. मी घसा साफ केला. ‘छत्रपती शिवाजी महाराज म्हणतात...’

‘जय!’

42 गळे. पुढचं ‘हात वर’ कुणी ऐकलंच नाही, पण प्रत्येकाची मूठ वर गेली होती, त्यामुळे आऊट तरी कुणाला करणार? मी पुन्हा प्रयत्न केला. ‘छत्रपती शिवाजी महाराज...’ ‘जय!’ या वेळी वरच्या आठवी ब मधूनही ‘जय’ आला. तिकडे बीजगणिताचा तास चालू होता. मुलांना उठायला निमित्तच हवं होतं.

तिसऱ्या खेपेला ‘नाकाला हात लावा’पर्यंत पोचले. विहान गंभीर चेहऱ्याने म्हणाला, ‘बाई, महाराज नाकाला हात लावायला कशाला सांगतील?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. महाराजांच्या नावाने कुणाला भिंतीपाशी उभं करायचाही धीर होईना. रडत घरी जाऊन ‘मला महाराजांनी आऊट केलं’ म्हणालं पोर, तर सकाळी गेटपाशी मीच आऊट.

म्हणून मी सोपा मार्ग काढला. महाराजांच्या जागी बाई. ‘बाई म्हणतात, कान पकडा. बाई म्हणतात, गोल फिरा. थांबा!’ जे थांबले ते आऊट.

हा खेळ जमला, आणि फारच जमला. सूचना ऐकून आधी शरीर हलवायचं आणि बोलणं नंतर आपोआप येऊ द्यायचं, यावर जेम्स आशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात परकी भाषा शिकवायची एक अख्खी पद्धत उभी केली आहे. तान्ह्या मुलाला आपण ‘इकडे ये’, ‘आ कर’ म्हणत असतो, ते बोलत काहीच नाही पण ऐकतं सगळं, तसंच. आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणून मी तेही यातच घुसडलं. ‘बाई म्हणतात, टच युवर नोज.’ वर्गात ओवी म्हणून एक मुलगी आहे, जूनपासून तिच्या तोंडून मला हजेरीचं ‘उपस्थित’सुद्धा ऐकू आलेलं नाही. ती मात्र ‘टर्न अराउंड’ म्हटलं की दोन्ही वेण्या हातात धरून बरोबर एक गिरकी घ्यायची आणि पुन्हा भिंतीवरच्या पालीकडे बघत बसायची. आशर साहेबांना मी तिथे मनातल्या मनात मार्क दिले.

पण खेळ संपला हे वर्गाला सांगायचं राहून गेलं. खरं तर सांगितलं होतं. ‘खेळ संपला, दप्तरं उघडा,’ म्हटलं होतं. कुणी हललं नाही. ‘बाई म्हणतात नाही म्हणालात,’ स्वराने आठवण करून दिली.

तेव्हापासून माझं प्रत्येक वाक्य ‘बाई म्हणतात’ने सुरू होतं. बाई म्हणतात, पाटी काढा. बाई म्हणतात, नाक पुसा. घाईत नुसतं ‘रांगेत चला’ म्हणून गेलं तर रांग जिन्यात गोठून उभी राहते आणि कोणी एक चाललंच, तर बाकीचे ‘आऊट! आऊट!’ करतात. गेटवर पालक भेटले. एका आईने सांगितलं, घरी ‘आई म्हणते’ म्हटल्याशिवाय दूध पीत नाही. ‘यांनी “बाबा म्हणतात” लावून बघितलं,’ त्या म्हणाल्या, ‘पण त्याचा आधीही उपयोग नव्हता.’

अशा परिस्थितीत केंद्रप्रमुख साहेब शाळेला भेट द्यायला आले. माझ्या वर्गात येतील असं वाटलं नव्हतं, पण जिन्यातून त्यांना माझं पाठोपाठ ‘बाई म्हणतात’ ऐकू आलं असावं. ते दारात आले. मुलं शिस्तीत उभी राहिली, ‘न-म-स्ते सा-हे-ब’ झालं.

‘बसा बाळांनो,’ साहेब म्हणाले.

मुलं उभीच.

‘बसा, बसा.’

कुणाची पापणी लवेना. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाठ टाचणाच्या वहीकडे पाहिलं. शेवटी धीर करून म्हटलं, ‘साहेब, जरा “बाई म्हणतात” म्हणता का? मग बसतील.’

साहेबांची नोकरी बहुधा माझ्याइतकीच झालेली, आणि या नोकरीत माणसाने काय काय बोललेलं असतं. ‘बाई म्हणतात, बसा,’ ते म्हणाले. धाडकन 42 मुलं बसली. साहेबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी ब्रीफकेस टेबलावर ठेवली. ‘बाई म्हणतात, उभे राहा.’ उभी. ‘बाई म्हणतात, एका पायावर.’ एका पायावर. ‘बसा!’ तीन मुलं बसली आणि साहेबांनी ‘हां! आऊट!’ अशी आरोळी ठोकली की खालून पुन्हा काठी वाजली.

पुढे बराच वेळ मला काही कामच उरलं नाही. साहेब घामाघूम झाले होते. मग शौर्यने विचारलं की आता मी सांगू का, आणि साहेब हो म्हणून बसले. तेही मुलांच्या रांगेत उभे राहिले. ‘बाई म्हणतात, हात वर,’ शौर्य म्हणाला. ‘बाई म्हणतात, हात डोक्यावर.’ आणि एकदम, ‘हात खाली!’

साहेबांचा उजवा हात खाली आला.

‘साहेब आऊट!’ वर्ग उसळला.

‘छे, छे! मी चष्मा सावरत होतो.’

‘आऊट! भिंतीला!’

‘अरे, चष्मा घसरला होता. हात खाली आणला नाही मी, येताना आला तो.’

‘रुद्र पण असंच म्हणतो,’ स्वरा थंडपणे म्हणाली.

साहेब भिंतीकडे गेले नाहीत. त्यांनी दोन्ही तर्जन्या वर केल्या आणि हवेत व्यवस्थित चौकोन काढला. तो कोणी शिकवला होता देव जाणे. वर्ग चिडीचूप. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण साहेबांचा गोपनीय अहवालाशी काय संबंध असतो हे आठवून मी खिडकीबाहेर बघू लागले. तेवढ्यात मावशी पोषण आहाराचं पातेलं घेऊन दारात आल्या. त्या बहुतेक आधीपासूनच उभ्या होत्या.

‘मावशी, तुम्ही बघितलंत ना?’ साहेब म्हणाले.

‘बघितलं की,’ मावशींनी पातेलं खाली ठेवलं आणि पदराला हात पुसले. ‘हात पार मांडीपर्यंत आला होता. तुम्ही आऊट. आणि व्हा बाजूला, पोरांना खिचडी वाढायचीय.’