काळ्या गाडीला भांड्यांचा साबण? एका फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

कोकण किनारपट्टीवरच्या ग्रुपांमध्ये गाडी धुण्याबद्दलचा एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: काळ्या किंवा गडद निळ्या गाडीला महागडा शाम्पू लागत नाही, भांडी घासायचा लिक्विड साबण नाहीतर कपड्यांची पावडर पुरते. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसली की गाडी नवी राहते. चरे टूथपेस्टने जातात. प्लॅस्टिकला खोबरेल आणि पत्र्याला रॉकेलचा हात मारला की चकाकी येते. दर महिन्याला पॉलिश करावं, आणि पावसाळ्यात धुवायची गरजच नाही. यातलं बरंचसं अर्धं खरं आहे, म्हणून पटकन पटतं. खाऱ्या वाऱ्यात आणि जांभ्याच्या धुळीत उभ्या राहणाऱ्या गडद गाडीला मात्र ते महागात पडतं.

आधी साबण. भांड्यांच्या साबणाने रंग जळतो असं सांगून घाबरवणारेही आहेत, तेही चूक. एकदा धुतल्याने क्लिअर कोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, काही होत नाही. पण हा साबण तेलकटपणा कापायला बनवलेला असतो, त्यामुळे रंगावरचं वॅक्स तो दर धुण्याला थोडं थोडं काढून नेतो. फेस भरपूर येतो, पण निसरडेपणा टिकत नाही. गाडीच्या शाम्पूचं खरं काम नेमकं तेच आहे: धुळीचा कण आणि रंग यांच्यामध्ये बुळबुळीत थर ठेवणं, म्हणजे कण घासला न जाता घसरून खाली जाईल. शिवाय अशा अनेक लिक्विडांमध्ये दाटपणासाठी मीठ घातलेलं असतं. आधीच समुद्राचं मीठ झेलणाऱ्या गाडीच्या सांध्यांत आणखी मीठ कशाला? कपड्यांची पावडर त्याहून वाईट. तिच्यात धुण्याचा सोडा असतो, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या त्याने काळवंडतात, आणि न विरघळलेले दाणे फडक्याखाली सरळ रंगावर घासले जातात.

शाम्पू घेताना बाटलीवर पीएच न्यूट्रल, म्हणजे 7 च्या आसपास, असं लिहिलेलं पाहावं. वर वेगळं कोटिंग नसलेल्या गाडीला वॅक्स मिसळलेला शाम्पू चालतो. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर कडक टिकाऊ थर, चढवलेल्या गाडीला तो नको, कारण त्याचा थर कोटिंगवर बसतो आणि पाणी निथळून जाण्याचा गुण झाकला जातो. प्रमाण बाटलीवर दिलेलंच धरावं. बहुतेक शाम्पूंना 10 लिटरच्या बादलीत 20 ते 30 मिली पुरतं. जास्त ओतला तर गाडी जास्त स्वच्छ होत नाही, उलट काळ्या बॉनेटवर वाळलेल्या साबणाचे पट्टे दिसतात. मिसळलेलं पाणी दोन बोटांत चोळून पाहा. बोटं सरसर घसरली तर मिश्रण ठीक, करकर अडकली तर तो शाम्पू गडद गाडीसाठी नाही.

आता मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला: रोज ओल्या फडक्याने पुसणं. रात्री वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण गाडीवर बसतात, पहाटेच्या दवात ओले होतात आणि त्यात लाल धूळ चिकटते. किनाऱ्याजवळ त्यात वाळू असते. वाळूतलं क्वार्ट्झ क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या खनिजाची काळी वाळूही आहे, ती काळ्या रंगावर नजरेला येतसुद्धा नाही. यावरून ओलं फडकं फिरवलं की प्रत्येक फेरीला बारीक चरे उमटतात. पांढऱ्या गाडीलाही ते तसेच पडतात, फक्त दिसत नाहीत. काळ्या दारावर उन्हाची तिरीप पडली की गोल जाळीसारखे उठून दिसतात.

म्हणून आधी नुसतं पाणी. टपापासून खाली, दोन-तीन मिनिटं, चाकांच्या कमानीत जरा जास्तच. मग दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पत्रा धुवायचा, मोजा साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. हात सरळ रेषेत चालवा, गोल नको, दाबही नको. दारांचा खालचा भाग आणि बंपर सगळ्यात शेवटी, वेगळ्या फडक्याने. तिथे चिखल आणि डांबराचे ठिपके असतात, तेच कापड बॉनेटवर फिरलं तर केलेली सगळी मेहनत वाया. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी पुन्हा वापरू नये. पुसताना जाड टॉवेल पत्र्यावर पसरून हलकेच ओढावा. जुनी बनियन आणि पिवळं फडकं इंजिनाच्या कामाला ठेवा.

पाण्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही, आणि इथली निम्मी रडगाणी पाण्याचीच असतात. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मार्च उलटला की मचूळ होतं. त्याचे थेंब तापलेल्या काळ्या पत्र्यावर वाळले की पांढरी कडी उमटतात. आपल्या पाण्याचा थेंब स्टीलच्या ताटलीवर उन्हात वाळवून पाहा. कडं राहिलं तर धुवायला ते वापरा, पण शेवटचं 10 लिटर पाणी नळाचं घ्या. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी उत्तम, फक्त पहिल्या सरींचं सोडून द्यायचं आणि कौलांची कचकच येऊ नये म्हणून कापडातून गाळायचं. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार लागेल तेव्हाच धुवायची. उमटलेल्या डागांवर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर सम प्रमाणात मिसळून मिनिटभर ठेवावं आणि भरपूर पाण्याने धुवावं. डिस्टिल्ड वॉटर दुकानात बॅटरीत घालायचं पाणी म्हणून मिळतं. मागताना बॅटरीचं ॲसिड हातात येत नाही ना, एवढं नीट बघा.

टूथपेस्टमध्ये दात घासायची खर, म्हणजे घासणारे बारीक कण, असते, रंगाच्या पॉलिशची नव्हे. पांढऱ्या गाडीवर खपून जातं, काळ्या गाडीवर चऱ्याच्या जागी धुरकट डाग राहतो. नखाला अडकणारा चरा क्लिअर कोट ओलांडून गेलेला असू शकतो, तिथे टचअपच, म्हणजे तेवढ्या जागी जुळता रंग भरणंच, लागतं.

रॉकेलने चकाकी येते हे खरं, पण ती तेलाच्या पातळ थराची. त्यावर धूळ बसते, आणि दारांची रबरं रॉकेलच्या संगतीत फुगून ढिली पडतात. खोबरेलाचंही तसंच, बंपर दोन दिवस काळाभोर दिसतो आणि मग चिकट. काळ्या प्लॅस्टिकला पाण्यात बनवलेलं ट्रिम ड्रेसिंग लावावं, हात लावला तर बोटाला तेल लागत नाही ते.

पॉलिशबद्दलचा घोळ मोठा आहे, कारण दुकानात पॉलिश आणि वॅक्स एकाच नावाने विकतात. पॉलिशमध्ये खर असते, ते रंग घासून समतल करतं. क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहून पातळ. दर महिन्याला त्यातला थोडा थोडा काढत राहिलं तर कडांवर आणि बॉनेटच्या घड्यांवर आधी पातळ होतो, मग तिथे रंग फिका पडून पापुद्रे निघतात. रबिंग कंपाउंड तर आणखी खरखरीत, ते फक्त खोल चऱ्यांपुरतं, आणि त्यावर बारीक पॉलिशचा हात हवाच. वॅक्स वेगळं, ते काही काढत नाही, थर चढवतं. कार्नोबा वॅक्स काळ्यावर खोल झळाळी देतं, पण कोकणच्या पावसात फार टिकत नाही. मेअखेरीस सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्सऐवजी लावायचा कृत्रिम संरक्षक थर, लावून ठेवलेलं बरं, ते जास्त तग धरतं. ‘काळ्या गाडीसाठी खास’ अशा रंगीत वॅक्समध्ये भर असते, चरे झाकले जातात आणि धुण्यागणिक पुन्हा वर येतात. लग्नकार्याला गाडी न्यायची असेल तर हरकत नाही, पण त्याला दुरुस्ती समजू नका. पॉलिश वर्षातून एकदा पुष्कळ झालं, तेही चरे दिसत असतील तर.

पाऊस गाडी धूत नाही. जोराची सर वरची धूळ नेते, पण महामार्गावरच्या लाल चिखलाचा साय धरल्यासारखा थर दारांवर राहतोच. मीठ साधारण 75 टक्के आर्द्रतेला हवेतली ओल ओढून विरघळतं, आणि इथे पावसाळ्यात हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. पत्र्याच्या सांध्यात बसलेलं मीठ त्यामुळे सुकतच नाही आणि गंज आतून चढतो. पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने खालून फवारा हवा, समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेली तर त्याच दिवशी. आंब्याखाली लावली असेल तर तुडतुड्यांचा चिकटा आणि पक्ष्यांची विष्ठा ओलं कापड पाच मिनिटं ठेवून मऊ करूनच उचलायची. दारांच्या खालच्या कडेला निथळायला भोकं असतात. ती पानं-मातीने बुजलेली असली तर काडीने मोकळी करा, धुतल्यावर तिथून पाणी ठिबकताना दिसायला हवं.