ब्रुनोला उन्हात बांधून ठेवलं नव्हतं

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री भाच्याने वाचून दाखवला, मग मी स्वतः दोनदा वाचला. तुम्ही एक स्टार दिलाय. जागा छान आहे, पण कुत्र्याचे 300 रुपये वेगळे घेतले, कारवारच्या युद्धनौका संग्रहालयाला पोहोचायला पंधरा मिनिटं सांगून चाळीस लागली, मालक उर्मटपणे बोलला, आणि ‘आमच्या ब्रुनोला भर दुपारी उन्हात बांधून ठेवलं होतं, फोटो बघा’ असं लिहिलंय. निवांत दोन दिवस घालवायला तुम्ही पुण्याहून एवढ्या लांब आमच्या वाडीत कॅम्परव्हॅन चालवत आलात आणि मनस्ताप घेऊन गेलात, त्याबद्दल माफी मागतो. मी आवाज चढवला ही माझी चूकच. पाहुण्याशी तसं बोलायचं नसतं.

पण उन्हाची ती ओळ काही केल्या गळ्याखाली उतरत नाही. आमच्या घरात बोली कोकणी, पण माझी शाळा मराठी, आणि तुम्हीही मराठीत लिहिलंत, म्हणून त्या दिवशी काय झालं ते मराठीतच सविस्तर लिहितो. लांबलं तर राग मानू नका.

रविवारी सकाळी तुमचं म्हणणं होतं की ब्रुनोला कॅम्परव्हॅनमध्येच एसी लावून ठेवतो आणि आम्ही रिक्षाने आयएनएस चपळ, म्हणजे ते युद्धनौकेचं संग्रहालय, बघून येतो. मी नको म्हटलं. तुम्हाला वाटलं की मी विजेचं बिल वाचवतोय. ताई, तुमच्या गाडीच्या टपावरचा एसी आमच्या 16 अँपिअरच्या पॉइंटवर चालतो. गाडीतली बॅटरी पंखा आणि दिवे चालवेल, एसी नाही. म्हणजे लाइट गेली की एसी बंद, खिडक्या बंद, दार कुलूपबंद, आणि किल्ली तुमच्या खिशात काळी नदीच्या पलीकडे. बंद गाडी दहा मिनिटांत बाहेरच्यापेक्षा दहा अंशांनी तापते, अर्ध्या तासात जवळजवळ वीस अंशांनी. त्या दिवशी बाहेरच 33 होतं. माणसासारखा घाम कुत्र्याला अंगभर येत नाही, तो नुसता धापा टाकतो, आणि हवाच तापली की धापांचाही उपयोग होत नाही. हे मी तुम्हाला तेव्हा नीट समजावून सांगायला हवं होतं. त्याऐवजी ‘आमच्याकडे असं चालत नाही’ एवढंच बोललो, आणि तुम्ही त्याला उर्मटपणा म्हटलात. तेवढा दोष माझा.

आणि त्या दिवशी 11 वाजून 20 मिनिटांनी लाइट गेलीच. ती आली 12 वाजता. तुम्ही तेव्हा इथे नव्हतात म्हणून तुम्हाला हे माहीत नाही. परत आल्यावर सांगावं असं मनात होतं, पण तुम्ही चिडलेल्या होतात आणि मीही.

आता ऊन. तुम्ही 10:40 ला निघालात, बारापर्यंत येतो म्हणालात. ब्रुनोला फणसाखाली बांधला, तो तुमच्याच समोर. सकाळी त्या फणसाची सावली विहिरीच्या अंगाला पडते, दुपारी फिरून घराच्या अंगाला येते. साडेअकराला ऊन त्याच्या शेपटीपर्यंत आलं तेव्हा माझ्या आईने दोरी सोडून त्याला पलीकडे बांधला. तिचं वय 71. तुमचा लॅब्रेडोर 30 किलोच्या वर असेल, तो तिला पंपाच्या खोलीपर्यंत ओढत घेऊन गेला होता. साडेबाराला मी त्याला पडवीत आणला. खाली ओलं गोणपाट अंथरलं, बाजूला पाण्याचं टोप ठेवलं. आईने त्याला उकड्या तांदळाची पेज गार करून घातली, मीठ न घालता. त्याने ती चाटूनपुसून खाल्ली आणि गोणपाटावर पोट टेकून झोपला.

1:35 ला तुमची रिक्षा गेटशी थांबली. तुमचा आवाज ऐकला तसा तो उठून दोरी पुरेल तिथवर खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, धावला. दोरी मुद्दाम लांब ठेवली होती, त्याला गळफास बसू नये म्हणून. खळ्यात ऊन होतंच. तुम्ही गेटातूनच फोटो काढलात: कुत्रा उन्हात उभा, जीभ बाहेर, दोरी ताणलेली. तो तुम्हाला बघून नाचत होता, ताई. तोच फोटो जरा मोठा करून बघा. मागे पडवीच्या पायरीशी अॅल्युमिनियमचं टोप दिसतं, त्याच्यामागे गोणपाटाचा कोपरा. ब्रुनोच्या पोटाचे केस ओले आहेत, खळ्यातल्या सारवणावर त्याच्या ओल्या पायांचे ठसे आहेत. सगळं तुमच्याच फोटोत आहे. ही ओळ आईला वाचून दाखवायची माझी हिंमत झालेली नाही.

बाराचे दीड झाले याबद्दल माझी तक्रार नाही. पंधरा मिनिटं मी सांगितली ती मोकळ्या रस्त्याची होती. काळी नदीवरचा जुना पूल 7 ऑगस्ट 2024 ला मध्यरात्रीनंतर कोसळला, तेव्हापासून दोन्हीकडची वाहनं नव्या पुलावरून जातात. रविवारी गोव्याच्या गाड्या वाढतात, हे मी सांगायला विसरलो. आम्हाला रोजचं झालंय, नव्या माणसाला कसं कळणार? शिवाय संग्रहालय बघायलाच वेळ लागतो. बोट जेमतेम 39 मीटरची, पण अरुंद जिने उतरून, वाकून वाकून आतल्या खोल्या, नौसैनिकांचे पुतळे, वरचे चार क्षेपणास्त्रांचे नळकांडे बघेपर्यंत तास जातो. शेजारी तुपोलेव्ह-142 विमान, ते तर 2017 पर्यंत नौदलाच्या सेवेत होतं, पंखांचा पसारा सुमारे 50 मीटरचा. ते न बघता कोण येईल? येणाऱ्या प्रत्येकाला मी स्वतःहून तिकडे पाठवतो. आईचं माहेर अरग्याच्या बाजूचं, नौदलाच्या तळासाठी ती वस्ती उठली. तरीही 2006 साली चपळ टागोर किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी राहिली तेव्हा ती आम्हा सगळ्या पोरांना घेऊन बघायला गेली होती. पाहुण्यांनी ती बोट घाईघाईत बघावी असं मला कधीच वाटलं नाही. फक्त एक फोन केला असतात की उशीर होतोय, तर बरं झालं असतं. बारा वाजल्यावर मीही तुम्हाला फोन करायला हवा होता, हेही खरं.

300 रुपयांचं थोडक्यात. गाडी उभी करण्याचे रात्रीचे 900, त्यात वीज, पाणी, न्हाणीघर आणि तुमची सांडपाण्याची टाकी शोषखड्ड्यात रिकामी करणं आलं. कुत्र्याचे 300 हे बुकिंगच्या वेळी व्हॉट्सअॅपवर कळवले होते, तुमचा अंगठाही आला होता. त्यात खळं धुणं, गोचीड होऊ नयेत म्हणून फवारणी आणि मागच्या बाजूची जाळी येते. आम्ही काही हॉटेलवाले नाही. नारळाच्या वाडीत तीन गाड्या उभ्या राहतात एवढीच जागा. अर्थिंग, एमसीबी आणि बोअरवेल यासाठी कर्ज काढलंय, त्याचा हप्ता दर महिन्याला जातो. हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी, त्यातही शनिवार-रविवारच खरे. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून डिसेंबरची दोन बुकिंगं रद्द झाली. दोघांकडेही कुत्रे होते. त्यांनी कारण सांगितलं नाही, पण मला कळलं.

एक गोष्ट लिहू की नको असं दहादा झालं. शनिवारी संध्याकाळी तुम्ही ब्रुनोला मोकळा सोडलात, तेव्हा त्याने आईची एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, धरली. अंड्यावर आलेली होती. तुम्ही हॅमॉकमध्ये पडल्या होतात, तुम्हाला कळलंही नाही. आईने ती उचलून मागे नेली आणि मला बजावलं की पाहुण्यांना सांगायचं नाही, सुट्टीला आलेत, त्यांना उगाच वाईट वाटेल. मी त्याचे पैसे लावले नाहीत आणि आताही मागत नाही. पण ज्या घरात तुमच्या कुत्र्यासाठी एवढं सोसलं, त्याच घराने त्याला उन्हात टाकलं असं जगाला सांगितलंत, ते फार लागलं.

तुमची नळाची तक्रार बरोबर आहे. पहिलं पाणी गढूळ येतं, फिल्टर बदलायला सांगितलाय. दर आणि वेळा गेटवर बोर्डावर लिहून लावणार आहे. कुत्र्यांसाठी सावलीची कायमची काहीतरी सोय या हंगामात नक्की बघतो, पत्र्याची शेड करायची की नारळाच्या झापांचा मांडव घालायचा हे अजून ठरायचंय. लाइट गेली तर पाहुण्यांना लगेच फोन करायचा, हे मात्र आजपासून सुरू.

रिव्ह्यू काढून टाका असं मी म्हणत नाही, तो तुमचा हक्क आहे. फक्त तो फोटो एकदा मोठा करून बघा, आणि जे दिसेल ते त्याच रिव्ह्यूखाली लिहा, एवढीच विनंती.

ब्रुनोचा निळा वाडगा इथेच राहिलाय. आईने तो घासून पडवीतल्या फळीवर ठेवलाय. व्हॉट्सअॅपवर पत्ता पाठवा, सोमवारच्या कुरिअरने रवाना करतो. कुरिअरचा खर्च आमचा.