साइकमोर म्हणजे सिकामोर? कुठलं झाड ते तरी सांगा

इंग्रजी शिकणाऱ्या रशियन लोकांत झाडांच्या नावांचा एक तक्ता फिरतोय, माझ्या ऑनलाइन क्लासमधल्या पोरांनीच तो मला चारदा पाठवलाय. ओक म्हणजे दुप, बर्च म्हणजे बिर्योझा, साइकमोर म्हणजे सिकामोर, आणि या शेवटच्यापुढे खास टीप, 'दोन्ही भाषांत सेम, पाठ करायची गरज नाही'. पहिल्या दोन जोड्या ठीक आहेत, तिसरीने वाट लावलीय.

'सेम' म्हणताय पण इंग्रजीत शब्द एक आणि झाडं तीन आहेत. ब्रिटिश माणूस साइकमोर म्हणतो ते मेपलच्या कुळातलं, त्याला रशियनमध्ये याव्हर हा चांगला स्वतःचा शब्द आहे. अमेरिकन म्हणतो ते रशियनमध्ये प्लातान, आपल्या काश्मीरच्या चिनाराचं सख्खं भावंड. तिसरं बायबलमधलं, अंजिराच्या जातीचं, आणि खरा सिकामोर तो हाच. येशूला बघायला जेरिकोत बुटका जक्कय चढला ते झाड, पण गंमत म्हणजे रशियन चर्चच्या प्रमाण भाषांतरात, म्हणजे सिनोदल बायबलातसुद्धा तिथे सिकामोर नाही, स्मकोव्नित्सा म्हणजे अंजिराचं झाड आहे. मराठी बायबलात उंबर आहे आणि मला ते भाषांतर जाम आवडतं, कारण उंबर त्या झाडाचा चुलतभाऊच.

बरं, 'झाडच तर आहे, काय फरक पडतो' असंही खाली लिहिलंय. पडतो ना! 17 मे 1792 ला वॉल स्ट्रीटवर 24 दलालांनी ज्या बटनवूडच्या नावाने ओळखला जाणारा करार केला, ज्यातून पुढे न्यूयॉर्कचा शेअर बाजार उभा राहिला, ते बटनवूड म्हणजे अमेरिकन साइकमोर, प्लातान. आणि इंग्लंडात हेड्रियनच्या भिंतीजवळचं साइकमोर गॅपचं झाड सप्टेंबर 2023 मध्ये रात्रीत कापलं गेलं, तो याव्हर. दोन्हीकडे सिकामोर लिहिलंत तर दलालांना आणि करवतवाल्यांना उचलून थेट जेरिकोत नेऊन बसवाल.

'संदर्भावरून कळतंच' हा तिसरा मुद्दा, तो अर्धा खरा आहे, पण संदर्भात बघायचं काय ते कोण सांगणार? माझ्या एका विद्यार्थिनीला वाक्य दिलं होतं, इंग्लंडमधल्या शाळेच्या मैदानात पोरं साइकमोरची हेलिकॉप्टरं उडवतायत, तिने बिनधास्त सिकामोर लिहिलं. अगं, अंजिराला पंख कुठले! दोन पंखांचं गरगरत खाली येणारं बी दिसलं की याव्हर, साल पोपडे धरून निघतेय आणि लोंबते गोल गोळे आहेत तर प्लातान, एवढं बघितलं तरी बरंच काम होतं.

आणि उच्चार तरी सेम आहे का, तर तोही नाही. रशियन माणूस शेवटच्या 'मोर'वर जोर देतो, इंग्रजीत तो पहिल्या 'साइ'वर येतो. त्या मुलीने वाक्य दुरुस्त करून याव्हर लिहिलं, मग मोठ्याने इंग्रजी वाक्य वाचलं आणि परत म्हणाली, सायकमोऽऽर.