विश्वास उडालेले अकरा कॉम्प्युटर

आमच्या सी.ए. ऑफिसात कॉम्प्युटरचं खातं माझ्याकडे कसं आलं, ते मलाही धड आठवत नाही. एकदा प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, मी तो ओढून काढला. तेव्हापासून मी 'आयटी'. त्यामुळे शनिवारी साहेब म्हणाले, "जुना सर्व्हर थकलाय रे. नव्यावर नुसती ट्रायल घेऊ. नाही जमलं तर जुना आहेच की!" तेव्हा माझीही मान डोलली.

नव्या मशीनवर १८० दिवस फुकट चालणारी सर्व्हरची विंडोज टाकली. कुणाला फरक कळू नये म्हणून डोमेनचं, म्हणजे सर्व्हरच्या हाताखालच्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या कुटुंबाचं, नाव मुद्दाम जुनंच ठेवलं. (हे लिहितानाही हात कापतोय.) अकरा कॉम्प्युटर जुन्या डोमेनमधून काढून नव्यात घातले, प्रत्येकात डीएनएसचा, म्हणजे डोमेन कुठे आहे ते ज्याला विचारायचं त्याचा, नवा पत्ता हाताने भरला. रात्री नऊला कळलं, पगारपत्रकाचं जुनं सॉफ्टवेअर नव्यावर उघडतच नाही. साहेब फोनवर म्हणाले, "मग लाव जुना परत, त्यात काय!" मी नवा बंद केला, जुना चालू केला, हिरवा दिवा बघितला आणि घरी गेलो. रविवारी मटण खाऊन झोपलो.

सोमवारी वीस तारीख. जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस.

सव्वादहाला बिलिंगच्या काकूंनी हाक मारली. "अरे, हे इंग्रजीत काय म्हणतंय?"

"काकू, तुमच्या कॉम्प्युटरचा आणि सर्व्हरचा एकमेकांवरचा विश्वास उडालाय."

"अगंबाई! शुक्रवारपर्यंत तर बरं चाललं होतं."

खरंच तसंच असतं. डोमेनमध्ये शिरताना प्रत्येक कॉम्प्युटर सर्व्हरशी एक गुप्त पासवर्ड ठरवतो. आपल्याला तो दिसत नाही, आणि दर ३० दिवसांनी तो आपला आपणच बदलतो. आमच्या अकरा जणांनी शनिवारी नव्याशी खूणगाठ बांधलेली. आता जुना दारात उभा. नाव तेच, पण खूण जुळेना.

उपाय एकच: काडीमोड घ्यायचा आणि जुन्याशीच पुन्हा लग्न लावायचं. विश्वास उडाल्यावर आत शिरायला त्या त्या कॉम्प्युटरचा स्वतःचा ॲडमिन पासवर्ड लागतो. तो माझ्या आधीच्या 'आयटी'ने ठरवलेला. शेवटी काकूंच्या ड्रॉवरच्या तळाशी, गॅसवाल्याच्या नंबराखाली, तो पेन्सिलीने लिहिलेला सापडला.

आत शिरलो, काडीमोड झाला, लग्न लावायला गेलो तर संदेश आला की असं डोमेनच सापडत नाही. वायर बदलली. स्वीच बंद करून चालू केला. जुन्या सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' विचारलं, तर उत्तर येतंय! पाऊण तास गेला. काकू मागे उभ्या राहून रामरक्षा म्हणत होत्या, त्यांचं 'पातु' आलं की माझी नजर उगाच वायरकडे जायची. मग उजेड पडला. डीएनएसमध्ये मीच शनिवारी भरलेला नव्याचा पत्ता. बिचारा कॉम्प्युटर कुलूप लागलेल्या घराची कडी वाजवत बसला होता.

त्यानंतर दहा लग्नं भराभर लागली. काकूंच्या स्क्रीनवरचा गणपती परत आला, त्यांनी त्याला हात जोडले आणि त्याच हातांनी ३बी उघडलं.

अकरावा साहेबांचा. तो काही केल्या ऐकेना. कोपऱ्यात बघतो तर तारीख १ जानेवारी २००९. घड्याळ चालू ठेवणारा आतला सेल कधीच मेलेला. इतके दिवस रोज सकाळी सर्व्हरच त्याला वेळ सांगायचा, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक असला की सर्व्हर ओळख देत नाही. आपल्याकडे मुहूर्तसुद्धा अर्धा तास इकडेतिकडे चालतो, इथे तर वर्षांचाच घोळ.

कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून सीआर २०३२ सेल आणला, बसवला. साडेपाचला अकरावंही लग्न लागलं. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली, तारीख बघितली, समाधानाने मान हलवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सेलचं बिल घेतलंस ना? आपला जीएसटी नंबर टाकून?"

घड्याळवाल्याने सेल वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळून दिला होता. तो कपटा मी त्यांच्या टेबलावर ठेवला.